पाचांपैकी एकच का आठवतो?

मागच्या आठवड्यात कोपरीत चहा पिताना एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, पीएचडीसाठी तू काय केलंस? मीही तेच करतो." मी "रोज सहा तास अभ्यास" म्हणणार होते, पण थांबले. एमएस्सीनंतर आम्ही पाच जण एकत्र बसायचो. नोट्स त्याच, तास तेवढेच. पीएचडीला आले मी एकटी.

हा घोळ बॉय बँडवरून पटकन कळतो.

'वन डायरेक्शन' 2010 मध्ये बनला. पाच मुलं, एकच टीव्ही स्पर्धा, तेच चाहते. पुढे हॅरी स्टाइल्सचा पहिला सोलो अल्बम 2017 मध्ये आला आणि 2023 मध्ये त्याला 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं. "बँडमुळे तो घडला" असं आपण सहज म्हणतो. पण बँड पाचही जणांना मिळाला होता! जे सगळ्यांकडे होतं, त्यावरून त्यांच्यातला फरक समजत नाही. फक्त जिंकलेल्यांकडे बघून कारण शोधणं म्हणजेच 'सर्वायव्हरशिप बायस'.

दुसरा प्रश्न, मोजलं कधी? झेन मलिक 2015 मध्ये बँड सोडून गेला आणि 2016 मध्ये त्याचं पहिलंच सोलो गाणं ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. अभ्यास तिथेच थांबवला असता तर निष्कर्षात हॅरी दिसलाच नसता.

तिसरा, यश कशाला म्हणायचं? आपल्या मुंबईचा 'अ बँड ऑफ बॉइज' आठवा. त्यातला सुधांशू पांडे 2020 पासून 'अनुपमा' मालिकेमुळे घराघरांत पोचला. सिद्धार्थ हळदीपूर भाऊ संगीतसोबत संगीतकार झाला. 'सोलो गायक' एवढाच निकष लावला तर दोघंही अपयशी ठरतात. पटतंय का?

म्हणून रिसर्च प्रपोजल लिहिताना आधी सगळ्यांची यादी करा, न जमलेल्यांसकट. मग यशाचा निकष आणि कालावधी ठरवा. कारणांकडे त्यानंतर वळा.

ज्युनिअरला मी म्हटलं, "बाकी चौघांशीही बोल." त्यांच्यातल्या एकाचा अभ्यास माझ्यापेक्षा पक्का होता. घरी पगाराची गरज होती, म्हणून तो मुलाखतीलाच गेला नाही. माझ्या 'सहा तासां'त ही गोष्ट कुठेच दिसत नाही.