नमुना बारा

बँकेला जुने उतारे हवे होते, म्हणून जुन्नरच्या तहसील कचेरीतून निमगाव सावातल्या आमच्या जमिनीचे हाताने लिहिलेले सातबारे काढून आणले. सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पीक. बँकेला सातशी मतलब. रात्री जेवणं झाल्यावर मी बारा वाचत बसलो.

तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात सुरुवातीची पानं सारखीच: बाजरी, मटकी, हुलगा, रब्बीला ज्वारी. पाण्याच्या रकान्यात 'विहीर'. तिच्यावर आजोबांची मोट चालायची. १९७२ सालासमोर फक्त 'पड'. त्या साली आजी दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांसाठी आणायची. पुढे अंगणवाडीतून माझ्या धाकट्या भावाने सुकडी आणली, तेव्हा तिने वाटी उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली. तो वास तिला शेवटपर्यंत चालला नाही.

१९७७ साली येडगाव धरण झालं, कुकडीचं पाणी तालुक्यात खेळायला लागलं. मोट गेली, इंजिन आलं, मग वीजमोटर. बाराच्या पानावर हुलगा-मटकी मागे पडून कांदा आला आणि विघ्नहर कारखान्यामुळे ऊस. घरही गावठाणातून उठून मळ्यात आलं. उसाबरोबर बिबट्या आला, त्याला मात्र रकाना नाही. उसातच जन्मत, उसातच वाढत तो आमचाच झाला. रात्रीच्या लाइटीला वडील दारं धरायला जात तेव्हा आई बांधावर बॅटरी घेऊन उभी राही आणि वाफा भरेपर्यंत मोठमोठ्याने काहीबाही बोलत राही. बहुतेक शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या. बिबट्याला सगळं गाव ठाऊक झालं असणार.

नव्वदच्या दशकात पलीकडे खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या राहिल्या, एकेक ४५ मीटर व्यासाची, एकूण तीस. कारखान्यांच्या गोंगाटात आकाशातल्या लहरी ऐकू येत नाहीत, म्हणून भोवतालच्या उद्योगांवर बंधनं आली. चुलत्यांना नोकरीसाठी चाकण गाठावं लागलं ते त्याचमुळे, असं ते अजून म्हणतात. मला वाटतं, त्यांना कांदा खुरपायचा नव्हता.

मग वाटण्या. आजोबा गेल्यावर वारस म्हणून दोन्ही आत्यांची नावं लागली आणि पुढच्याच फेरफाराला हक्कसोड होऊन उतरली. सह्या झाल्या त्या दिवशी जुन्नरच्या बाजारात दोघींना एकेक साडी घेतली, सगळ्यांनी भेळ खाल्ली. धाकट्या आत्याची साडी अजून घडीतच आहे.

अलीकडच्या पानांवर टोमॅटो दिसतो, पण आमचं गणित नेहमी एका हंगामाने चुकलेलं. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, तालुक्यात कुणी कुणी लखपती झाले. आमच्याकडे त्या साली नेमका टोमॅटो नव्हता. कांदा होता, बराखीत. ऑगस्टमध्ये त्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली. वडील रोज बराखीत जाऊन सडके निवडत. भाव काय झाला, हे आम्ही त्यांना विचारायचं सोडून दिलं.

२०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आता तलाठ्याची वाट पाहायची नाही, शेतात उभं राहून मोबाइलवर आपणच पीक नोंदवायचं. गेल्या रब्बीत कांद्याचा फोटो घ्यायला मी गेलो, तर आई खुरपत होती. फोटो नीट यावा म्हणून तिने पात हाताने बाजूला धरली. घरी येऊन पाहिलं तर निम्म्या चौकटीत तिचा हात, मातीने भरलेला, बांगडीसकट.

"हात कशाला आणला मधी? पुन्हा जा," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. नुसत्या कांद्याचा फोटो चढवला.