कॅमेरा घेतला, पण बटणे कोण शिकणार?

लग्नसराई तोंडावर आली की आमच्याकडे दोन-चार होतकरू तरुण हटकून येतात. कोणी पॉवरलूमवर काम केलेला असतो, कोणी वडिलांच्या शिलाईच्या दुकानात बसणारा, तर कोणी मंडपवाल्याचा पुतण्या. प्रश्न सर्वांचा एकच असतो : "भाई, शूटिंगच्या लाइनीत उतरायचे आहे, कॅमेरा कोणता घेऊ?" कॅमेऱ्यावरचे कोणते बटण कशासाठी आहे, हे विचारणारा मात्र वर्षाकाठी एखादाच भेटतो. लाख-दीड लाखाचे भांडवल एका यंत्रात घालायची तयारी असते, पण ते यंत्र समजून घ्यायला आठ दिवस द्यायची तयारी नसते. आमच्या मते या धंद्यातील निम्मे नुकसान इथेच होते.

एके काळी ही गोष्ट खपून जात असे. व्हीएचएस कॅसेटच्या जमान्यात खांद्यावर पॅनासोनिकचा मोठा कॅमेरा आणि सोबत हॅलोजन धरलेला पोऱ्या एवढ्यावर व्हिडिओवाल्याचा रुबाब असायचा. पुढे डीव्ही टेप आली. २००३ साली बाजारात आलेल्या सोनीच्या पीडी-१७० सारख्या कॅमेऱ्यांनी कित्येकांची घरे चालवली. आता तर मांडवातल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात व्हिडिओ काढणारा मोबाइल आहे. मग गिऱ्हाइकाने आपल्याला पैसे का द्यावेत? मोबाइलला जे जमत नाही ते आपण करतो, म्हणून. आणि ते करायचे तर कॅमेऱ्याचा स्विच 'फुल ऑटो'वरून काढता आला पाहिजे.

आमचीच एक फजिती सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका निकाहचे काम आम्ही घेतले होते. काझीसाहेबांच्या माइकवरून केबल ओढून कॅमेऱ्याच्या पहिल्या सॉकेटमध्ये नीट बसवली. त्या चॅनलचा छोटा स्विच मात्र 'इंटर्नल'वरच राहिला. म्हणजे केबल लावलेली, पण कॅमेरा ऐकत होता तो स्वतःच्या अंगावरच्या माइकमधून, तेही पंचवीस-तीस फुटांवरून. हेडफोन बॅगेत होता. गर्दीत कानाला कोण लावणार, असे आम्हाला वाटले. वधूचे नाना वकील होते. त्यांनी मुलीची संमती काझीसाहेबांना सांगितली, खुतबा झाला, नवऱ्या मुलाने कबूल म्हटले, छुहारे वाटले गेले. चित्र उत्तम आले. आवाजात मात्र पंखा, जनरेटर आणि पोरांचा गलबला.

पाच-सहा महिन्यांनी मुलीचे मामू आमच्या दुकानात आले. नाना वारले होते. "भाई, अब्बांचा आवाज तेवढा वेगळा काढून द्या. घरात त्यांचा दुसरा आवाज कुठेच नाही," एवढेच ते म्हणाले. आम्ही दोन दिवस संगणकावर बसून खटपट केली. पंखा कमी केला की नानाही कमी होत. शेवटी ओठ हलताना दिसणारे ते चित्र तसेच त्यांच्या हवाली करावे लागले. पैसे परत देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत.

म्हणूनच नव्या माणसाला आम्ही आधी आवाजाची बटणे शिकवतो, चित्राची नंतर. व्यावसायिक कॅमकॉर्डरला एक्सएलआर नावाची तीन पिनांची दोन सॉकेट असतात. प्रत्येक चॅनलसाठी एक स्विच ठरवतो की आवाज आतल्या माइकचा घ्यायचा की बाहेरून येणारा. दुसऱ्या स्विचवर बहुधा तीन जागा असतात : लाइन, माइक आणि माइक अधिक ४८ व्होल्ट. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर आली तर 'लाइन', कारण तो आवाज आधीच जोरकस असतो. तो 'माइक'वर घेतला तर फाटून येतो. कंडेन्सर जातीच्या माइकला कॅमेऱ्यातून वीज लागते, त्याला ४८ व्होल्ट द्यावे. मिक्सरची वायर असताना ४८ व्होल्ट चालू ठेवू नयेत, एखाद्याचे यंत्र बिघडवून बसाल. शंका असली तर साउंडवाल्याला विचारावे, त्यात कमीपणा नाही.

आवाजाची पातळी ऑटोवर सोडली की आणखी एक गंमत होते. काझीसाहेब बोलायचे थांबले की कॅमेऱ्याला वाटते आवाज कमी पडला, म्हणून तो स्वतःच पातळी चढवतो आणि पंख्याची घरघर वर येते. ते पुन्हा बोलू लागले की पहिला शब्द दणकन आदळतो. म्हणून पातळी हाताने लावावी. साधे बोलणे मीटरवर उणे २० डेसिबलच्या आसपास, मोठा आवाज उणे १२ च्या जवळपास, आणि शून्याला कधीही टेकू नये. शून्याला टेकलेला आवाज कोणत्याही संगणकावर दुरुस्त होत नाही. पहिल्या चॅनलवर काझीसाहेबांचा माइक आणि दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक ठेवावा. एक बसला तरी दुसरा उरतो. वायरलेस माइक असेल तर सेल नवे घालावेत, कालच्या वलीम्यात वापरलेले नव्हेत. आणि हेडफोन कानालाच हवा. मीटरची काडी हलताना दिसते, पण ती नानांच्या आवाजाने हलते की पंख्याच्या, हे डोळ्याला कळत नाही.

आता उजेडाकडे येऊ. लेन्समधून किती प्रकाश आत घ्यायचा हे आयरिस ठरवते. दुकानाच्या शटरसारखे समजा, अर्धे उघडले तर अर्धा उजेड. त्याचा आकडा उलटा चालतो, २ वर जास्त उघडे आणि ११ वर जवळजवळ बंद. ऑटोवर कॅमेरा हे शटर स्वतः वरखाली करतो, आणि आपल्याकडच्या लग्नात नेमका इथेच तो फसतो. नवऱ्या मुलाची पांढरीशुभ्र शेरवानी चौकटभर आली की कॅमेरा समजतो उजेड फार झाला, आयरिस आवळतो आणि चेहरा काळवंडतो. उलट काळे बुरखे घातलेल्या पाहुण्या समोर असल्या की तो आयरिस सैल सोडतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. मूल्य ठरवावे चेहऱ्यावरून, कपड्यावरून नव्हे. चेहऱ्याजवळ झूम करून आयरिस लावावी आणि तिथेच हाताने थांबवावी. जास्त उजेडाच्या जागी पडद्यावर तिरप्या रेघा दाखवणारी 'झेब्रा' नावाची सोय असते. ती शंभरावर ठेवली तर शेरवानीची जर कुठे जळते आहे हे लगेच दिसते. या रेघा रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत. नवशिके घाबरून ती सोय बंद करतात, म्हणून हे सांगावे लागते.

आयरिस पूर्ण उघडूनही अंधार वाटला तर गेन. हा प्रकार दुधात पाणी घालण्यासारखा आहे : माप वाढते, पण कस जातो. दर ६ डेसिबलला चित्राचा उजेड दुप्पट होतो आणि सोबत मुंग्यांसारखे दाणे वाढतात. एल, एम आणि एच अशा तीन जागांचा एक स्विच असतो. रुखसतीच्या वेळी रस्त्यावर अंधार असला तर एच वापरावा लागतोच, तक्रार त्याबद्दल नाही. सकाळी दुसऱ्या कामावर गेल्यावर तो स्विच तिथेच राहिलेला असतो, तक्रार त्याबद्दल आहे. भर उन्हात वरात काढायची असेल तर याच्या उलटे काम एनडी फिल्टर करतो. तो म्हणजे लेन्सला घातलेला काळा चष्मा, रंग न बदलता उजेड कमी करणारा. बऱ्याच कॅमेऱ्यांवर १/४, १/१६ आणि १/६४ असे आकडे असतात, म्हणजे तेवढाच हिस्सा प्रकाश आत येतो. हॉलमध्ये शिरताना हा चष्मा काढायला विसरणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मग ते गेन चढवत बसतात!

शटरचा वेग आपल्या देशात १/५० वर ठेवावा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. १/५० किंवा १/१०० वर ते चित्रात दिसत नाही, भलत्या वेगावर दिव्यांचे पट्टे सरकू लागतात. याबाबत जास्त डोके लावू नये.

रंगांचे तसे नाही. जरदोजी, शालू, मेहंदी यांचा धंदा करणाऱ्या आमच्या वाचकांना रंग चुकणे म्हणजे काय हे सांगायला नको. पिवळ्या बल्बचा उजेड आणि दिवसाचा उजेड आपल्या डोळ्याला सारखाच पांढरा भासतो, कॅमेऱ्याला नाही. पांढरे म्हणजे काय, हे त्याला दर ठिकाणी सांगावे लागते. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. तीन जागांचा स्विच असतो : प्रीसेट, ए आणि बी. प्रीसेटमध्ये हॅलोजनसाठी ३२०० आणि दिवसाच्या उजेडासाठी ५६०० केल्व्हिन हे ठरलेले आकडे आहेत. पण आजच्या स्टेजवर एलईडी, हॅलोजन आणि वरून जांभळी झालर अशी खिचडी असते. तिथे प्रीसेट चालत नाही. स्विच 'ए'वर न्यावा, नवरानवरी जिथे बसणार तिथे कोरा पांढरा कागद धरायला सांगावा, कागदाने चौकट भरेल इतका झूम करावा आणि लेन्सखालचे बटण दाबावे. दोन-तीन सेकंदांत काम होते. मग जेवणाच्या हॉलमध्ये 'बी'वर दुसरे माप घेऊन ठेवावे. कागदाऐवजी खिशातला रुमाल वापरणारे आहेत, पण नीळ दिलेला रुमाल नको. कॅमेरा त्या निळसर झाकेलाच पांढरे समजतो आणि पुढचे सगळे लग्न पिवळट येते.

फोकसची युक्ती एका ओळीची आहे. पूर्ण झूम करून डोळ्यांवर फोकसची रिंग फिरवावी, चित्र धारदार झाले की झूम मागे घ्यावा. अंतर बदलले नाही तोवर फोकस सुटत नाही. मंद उजेडात ऑटो फोकस चाचपडतो आणि मधून कोणी गेले की त्याच्याच मागे धावतो. झूमच्या खटक्यावर बोट हलके ठेवावे, आणि स्टँडवर कॅमेरा असताना मुळी कमीच वापरावे. घटकेत जवळ, घटकेत लांब असे चित्र पाहणाऱ्याचे डोके दुखवते.

हे शिकायचे कुठे? पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेतले आहेत, ज्याला जमेल त्याने अवश्य करावेत. पण मूळ हुनर हातानेच येते. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी मालेगावात गावातलीच माणसे घेऊन २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. त्या मंडळींनी सायकलवर बसून चालते शॉट घेतले. साधने तोकडी होती, पण हातातल्या यंत्राकडून काय काढून घेता येते ते त्यांना ठाऊक होते.

आमचा सल्ला असा. आधी कॅमेरा विकत घेऊ नये, भाड्याने आणावा. मगरिबच्या सुमारास आपल्याच बाजारात उभे राहावे. बाहेर निळे आभाळ, आत ट्यूबलाइट, शेजारच्या गाडीवर पिवळा बल्ब. एवढ्या अर्ध्या तासात व्हाइट बॅलन्स, आयरिस आणि गेन तिन्ही शिकवणारी दुसरी शाळा नाही. दुकानात बसलेल्या माणसाचा चेहरा टिपावा, मग त्याला बाहेर बोलावून टिपावा. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर पाहावे आणि कोणत्या चित्राला कोणते बटण कुठे होते हे वहीत लिहावे. असे आठ-दहा दिवस केल्यावर डोळे मिटून बटणावर बोट गेले पाहिजे, कारण मांडवात बटणे वाचायला सवड नसते.

जुना कॅमेरा घ्यायचा झाला तर मेनूमध्ये तो किती तास चालला आहे हे बहुधा दिसते, ते पाहावे. लेन्सवर झाकण घालून गेन पूर्ण चढवावा, काळ्या पडद्यावर एकाच जागी चमकणारे ठिपके दिसले तर किंमत पाडावी. दोन्ही एक्सएलआर सॉकेटमध्ये माइक लावून वायर हलवून ऐकावे. कार्डांच्या दोन जागा असतील तर दोन्हीवर एकाच वेळी रेकॉर्डिंग होते का हे तपासावे. निकाह दुसऱ्यांदा होत नाही, कार्ड मात्र बिघडते. आणि टेपवर चालणारा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी धंद्यासाठी घेऊ नये.

बयाणा घेतानाच आणखी दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात : पडद्याकडच्या बाजूला कॅमेरा न्यायचा आहे की नाही, आणि काझीसाहेबांच्या माइकवरून वायर घेऊ देतील की नाही. ऐन वेळी यावरून होणारे वाद आम्ही पाहिले आहेत, आणि त्यात व्हिडिओवालाच बोलणी खातो.

काम सुरू होण्याच्या पंधरा मिनिटे आधी आम्ही आता एकच गोष्ट करतो. कानाला हेडफोन लावून पोराला काझीसाहेबांच्या माइकवर हळूच टिचकी मारायला सांगतो. ती कानात ऐकू आली नाही तर बाकी काहीच सुरू करत नाही. आमच्या कॅमेऱ्यावर चॅनलच्या त्या छोट्या स्विचशेजारी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आहे. नवा पोऱ्या कामाला आला की तो कशाचा, असे विचारतो, तेव्हा त्याला मामूंची ती गोष्ट सांगतो आणि मगच कॅमेरा हातात देतो.