रक्तात बुरशी, पण खाट कुठली?

बुरशीचा आजार म्हटलं की २०२१ मधला म्युकरमायकोसिस आठवतो: सुजलेला चेहरा, गेलेला डोळा, इंजेक्शनांसाठी नातेवाइकांची वणवण. रक्तात शिरणारी कॅन्डिडा ही बुरशी असं काहीच दाखवत नाही. ती एरवी आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर निमूट राहते. अतिदक्षता विभागात मात्र तिला वाट मिळते. जोरकस अँटिबायोटिक्समुळे तिला आवर घालणारे जिवाणू मरतात, पोटाच्या शस्त्रक्रियेत आतड्याची भिंत फुटते, मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन थेट रक्तापर्यंत पोचते. मग ताप येतो, रक्तदाब घसरतो, आणि ही लक्षणं जिवाणूंच्या संसर्गापेक्षा वेगळी दिसत नाहीत. चंडीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने एप्रिल २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात देशातल्या २७ अतिदक्षता विभागांत अशा १,४०० रुग्णांची नोंद झाली. त्यांचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होतं, आणि निम्म्या रुग्णांना विभागात आल्यापासून आठ दिवसांच्या आतच हा संसर्ग झाला होता. तीस दिवसांत ४४.७ टक्के रुग्ण दगावले.

कोण दगावतं, याचं सांख्यिकी विश्लेषण केल्यावर पाच घटक ठळकपणे पुढे आले. दाखल होतानाची प्रकृतीची गंभीरता, आधीपासून निकामी झालेली मूत्रपिंडं, सेंट्रल लाइन आणि स्टिरॉइड या चारांचा अर्थ लावणं सोपं आहे. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबते. प्लास्टिकच्या नळीवर बुरशी चिकट थर धरून बसते आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. पाचवा घटक मात्र रुग्णाच्या शरीरात सापडत नाही. तो आहे, सरकारी रुग्णालयात दाखल असणं. माझ्या मते या सगळ्या अभ्यासात सर्वाधिक अस्वस्थ करणारी नोंद हीच. बुरशीने होणाऱ्या मृत्यूंची चर्चा आपण रुग्णाच्या दुबळेपणापाशी थांबवतो, पण खाट कुठली मिळाली यानेही जगण्याची शक्यता बदलत असेल, तर त्या मृत्यूंतला काही भाग व्यवस्थेच्या खात्यात मांडावा लागेल.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: सरकारी रुग्णालयात मुळात जास्त खालावलेले रुग्ण येतात. पण विश्लेषणात प्रकृतीची गंभीरता हिशेबात धरूनही हा घटक उरला. हे खरं की उशिरा येणं, आधी दोन-तीन ठिकाणी अँटिबायोटिक्स घेऊन येणं, असल्या गोष्टी गंभीरतेच्या गुणांकात पूर्ण उतरत नाहीत. निरीक्षणाच्या अभ्यासातून कारण सिद्धही होत नाही. तरी रुग्ण उशिरा का पोचतो, हाही व्यवस्थेचाच प्रश्न आहे. आणि इथे वेळेला फार किंमत आहे. ब्लड कल्चरमध्ये कॅन्डिडा उगवायला बहुधा दोन-तीन दिवस जातात, आणि खोलवरच्या संसर्गाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते चुकतंच. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कल्चरचं रक्त घेतलं त्याच दिवशी फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण १५ टक्के होतं. एक दिवस उशीर झाल्यास २४, दोन दिवस झाल्यास ३७, तीन किंवा अधिक झाल्यास ४१. बुरशीची जात ओळखणंही तितकंच निकडीचं, कारण भारतातल्या त्या नोंदींत कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस ही जात सर्वाधिक, सुमारे ४२ टक्के होती, आणि सुमारे १२ टक्के नमुने फ्लुकोनाझोलच्या गटातल्या औषधांना दाद देत नव्हते. अनेक औषधांना न जुमानणारी कॅन्डिडा ऑरिस तर प्रयोगशाळांतल्या जुन्या यंत्रांना भलतीच जात वाटायची.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो: हे रुग्ण बुरशी असताना मरतात, बुरशीमुळे नव्हे. काही अंशी तसंच आहे. भारतातल्या त्याच अभ्यासात खास बुरशीच्या माथी येणारा मृत्युदर १९.६ टक्के निघाला. म्हणजे शंभरांतले सुमारे वीस रुग्ण. मूळ आजार कितीही गंभीर असो, ही संख्या किरकोळ नाही. मग सगळ्यांनाच आधीपासून औषध द्यावं का? फ्रान्समधल्या २०१६ च्या एम्पिरिकस चाचणीत बुरशीचा नुसता संशय असलेल्या गंभीर रुग्णांना मायकाफंजिन हे बुरशीविरोधी औषध देऊन पाहिलं. २८ दिवसांनंतर संसर्गाशिवाय जगण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही. सरसकट औषधाचा मार्ग त्यामुळे टिकत नाही, शिवाय त्याने प्रतिरोधाला खतपाणी मिळतं. सेंट्रल लाइन ताबडतोब काढण्याबाबतही एकमत नाही: २०१० च्या एका विश्लेषणात त्याचा फायदा दिसला नाही, तर २०१२ मध्ये सात चाचण्यांतल्या १,९१५ रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा नळी काढलेल्यांत मृत्यू कमी आढळले. मला दुसऱ्या निष्कर्षाचं पारडं जड वाटतं, कारण त्यात रुग्ण अधिक आहेत आणि बुरशीच्या थराचं जीवशास्त्रही त्याच बाजूला आहे.

तेव्हा सरकारी रुग्णालयांना विचारायचे प्रश्न बरेच साधे आहेत. शनिवारी रात्री घेतलेलं ब्लड कल्चर सोमवारपर्यंत पडून राहतं, की लगेच यंत्रात जातं? बुरशी उगवल्याचा फोन वॉर्डात किती वाजता पोचतो, आणि पहिला डोस किती वाजता शिरेत जातो? या खाटेवरच्या रुग्णाला आज ती नळी हवीच आहे का, हे रोज सकाळी कोण विचारतं, आणि विचारायला परिचारिकेला हाताखालच्या इतर खाटांमधून उसंत मिळते का?