नदीकाठचे पाहुणे

सह्याद्रीवरून कोकणात उतरणाऱ्या बहुतेक नद्यांचा थाट पावसाळ्यापुरता असतो. होळी येईतो त्यांच्या पात्रात गोटेच काय ते उरतात. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका याला अपवाद आहे. वैशाखाच्या उन्हातही तिचे पाणी खडकांवरून फेसाळत धावते, आणि त्यामुळेच कोलाडचे नाव मुंबई-पुण्याच्या तरुण मंडळींच्या तोंडी झाले आहे. शनिवारी जावे, रबरी तराफ्यातून नदी उतरावी, काठावर तंबूत रात्र काढावी आणि सोमवारी कामावर हजर व्हावे, हा छंद आता मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला आहे. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. वर्गात किंवा कचेरीत आठवडा घालवणाऱ्याने वाहत्या पाण्याशी चार घटका झुंज घेतली तर त्यात वावगे काय? प्रश्न एवढाच आहे की, या नदीकाठी आपण कोणत्या नात्याने जातो?

कुंडलिकेतील हे बारमाही पाणी मुळात तिचे नव्हेच. भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाणारे मुळा नदीचे पाणी मुळशीच्या धरणात अडवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रावर सोडले जाते आणि तेथून ते कुंडलिकेच्या पात्रात येते. हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. त्यापूर्वी, १९२१ ते १९२४ या काळात, मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. पण जमिनी गेल्या त्या गेल्याच. तेव्हा ज्या लाटांवर आपण आनंदाने किंचाळतो, त्यांची किंमत कोणीतरी भाताची खाचरे बुडवून आधीच मोजलेली आहे. पाणी सुटते ते विजेसाठी. पुढे त्यावर शेतीचा आणि गावांचा हक्क. हौशी प्रवाशाचा क्रम त्यानंतरचा.

हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे तेथील बंधने जाचक वाटेनाशी होतात. वीजनिर्मिती सुरू झाली की पात्रातले पाणी चढते. रात्री कोरडा दिसणारा वाळूचा पट्टा सकाळी कोरडा राहीलच, याची हमी नाही. म्हणून पात्रात तंबू ठोकू नये आणि सोडलेल्या पाण्याच्या वेळा जाणणाऱ्या मार्गदर्शकाचा शब्द मोडू नये, हे सांगणे म्हणजे अडवणूक नव्हे. तीच गोष्ट वाटेची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार नदीचे पात्र सरकारच्या मालकीचे असते, परंतु पात्रापर्यंत नेणारा बांध, त्या बाजूचे शेत आणि आंब्याची सावली यांच्या सातबाऱ्यावर कोणाचे तरी नाव असते. नदी सर्वांची म्हणून शेतही सर्वांचे, असे होत नाही. ज्या पाणवठ्यावर गावातील बायका धुणे धुतात, तेथे मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक लावणारा आणि बाटल्या फोडून जाणारा माणूस निसर्गप्रेमी खासच नव्हे.

मर्यादा पाळली नाही तर काय घडते, हे गंगेकाठी दिसून आले आहे. हृषीकेशच्या वरच्या अंगाला कौडियालापर्यंत वाळूच्या पुळणींवर तंबूंची गर्दी झाली, आणि त्यांच्याबरोबर शौचखड्डे, सांडपाणी व प्लॅस्टिक आले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या पट्ट्यातील मुक्कामी तळांना मनाई केली. जून २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने, सरकार नीट धोरण आखीपर्यंत, तराफ्यांचा खेळच थांबवला. पुढे तो पुन्हा सुरू झाला हे खरे. पण अशा बंदीत भरडला कोण जातो? कचरा टाकून गेलेला प्रवासी दुसऱ्या गावी सहल काढतो. हातावर पोट असलेला वल्हेकरी आणि चहाची टपरी चालवणारा मात्र बसून राहतो.

यावर एक आक्षेप हटकून घेतला जाईल : रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक कारखान्यांमुळे कुंडलिका नासली असता, चार तंबूंचे एवढे अवडंबर कशाला? कारखान्यांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु तो विचारणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ असावे लागतात. शिवाय तराफ्यांचा पट्टा रोह्याच्या वर आहे. तेथील घाणीचे खापर धाटाववर फोडता येणार नाही.

नियमांनी मौज जाते, हाही गैरसमजच. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून स्वतःच्या बळावर जाऊ इच्छिणाऱ्यांना २००६ पासून सोडतीत नाव यावे लागते. अशा एका तुकडीत सोळांहून अधिक माणसे चालत नाहीत. शेकोटी धातूच्या परातीत पेटवायची, आणि तिची राखच काय, माणसांचा मैलासुद्धा डब्यात भरून परत आणायचा. नावाहो आणि हुआलापाय या आदिवासींच्या भूमीवर मुक्काम करायचा तर त्यांची परवानगी लागते. होपी लोकांना पवित्र असलेल्या मिठाच्या खाणी प्रवाशांना सर्वस्वी बंद आहेत. इतके असूनही तेथे जाणाऱ्यांचा उत्साह आटला नाही. उलट, सोडतीत नाव लागणे हेच लोक भाग्य मानतात.

महाराष्ट्राने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. कागदावरचा नियम नदीकाठी उतरवणे हे शासनाचे काम आहे. ग्रामपंचायतीला तळांच्या जागा आणि संख्या ठरवण्यात अधिकाराचा शब्द मिळाला पाहिजे, कारण घाण साचते ती तिच्याच दारात. पण प्रत्येक तंबूमागे शिपाई उभा करता येत नाही. सहल ठरवणारे शिक्षक, वर्गणी गोळा करणारे कारकून, तराफ्यात बसणारे विद्यार्थी यांनीच निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : आयोजक नोंदलेला आहे काय? तळाची जागा कोणाच्या परवानगीने घेतली आहे? आणि आपला कचरा परत कोण आणणार? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर वर्गणी परत घ्यावी. पैसा अडला की आयोजकाला नियम समजावून सांगावा लागत नाही.