वाचताना पुसणारी, तरीही टिकणारी स्मृती

फेरोइलेक्ट्रिक पदार्थात विद्युत ध्रुवीकरण मुळातच असते. बाहेरून विरुद्ध दिशेने विद्युत क्षेत्र लावले की ध्रुवीकरणाची दिशा उलटते आणि क्षेत्र काढले तरी ती तशीच राहते. हा गुण जोसेफ व्हालासेक यांना १९२० मध्ये रोशेल मिठात आढळला. या गुणावर चालणाऱ्या स्मृती-चिपमध्ये बहुधा लेड झिर्कोनेट टायटेनेटचा पातळ थर असतो. त्याच्या स्फटिकात मधला आयन किंचित वर किंवा खाली सरकलेला असतो. एक बाजू १, दुसरी ०. वीज गेली तरी नोंद जात नाही, म्हणून ही चिप विजेच्या मीटरमध्येही वापरतात.

सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डच्या पुठ्ठ्यांवर भोकांच्या रूपात जपलेली असते आणि कितीदाही वाचली तरी पुसत नाही. फेरोइलेक्ट्रिक चिपमध्ये मात्र वाचणे म्हणजेच पुसणे. ठरावीक दिशेने क्षेत्र लावतात. ध्रुवीकरण उलटले तर जास्त विद्युतभार वाहतो, त्यावरून आधीची नोंद कळते आणि ती लगेच पुन्हा लिहावी लागते. म्हणजे नुसत्या वाचनानेही चिपचे आयुष्य खर्च होते.

म्हणूनच टिकाऊपणा हा इथला खरा कस आहे. फ्लॅश स्मृतीचा एक कप्पा साधारण १ लाख वेळा लिहिता येतो. सेकंदाला एकदा लिहिले तर तो २८ तासांत संपेल. चांगल्या फेरोइलेक्ट्रिक चिपची मर्यादा १०० लाख कोटींच्या घरात सांगितली जाते. ही मजल सहज गाठलेली नाही. सुरुवातीला प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड वापरत. वारंवार दिशा उलटवताना ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा इलेक्ट्रोडजवळ साचत, ध्रुवीकरणाच्या सीमा तिथे अडकत आणि पदार्थ थकत जाई. इरिडियम ऑक्साइडसारखे इलेक्ट्रोड आल्यावर हा थकवा पुष्कळ कमी झाला.

लेड झिर्कोनेट टायटेनेटमधले शिसे चिपच्या कारखान्यात नकोसे असते आणि त्याचा थर फार पातळ करता येत नाही. २०११ मध्ये सिलिकॉन मिसळलेल्या हाफ्नियम ऑक्साइडच्या सुमारे १० नॅनोमीटर थरातही फेरोइलेक्ट्रिक गुण असल्याचे प्रसिद्ध झाले. हा पदार्थ कारखान्यांच्या ओळखीचा, पण वारंवार उलटवण्यात तो अजून जुन्या पदार्थाची बरोबरी करत नाही.

सोलापूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून बेरियम स्ट्रॉन्शियम टायटेनेट हा फेरोइलेक्ट्रिक पदार्थ आणि चुंबकीय फेराइट यांच्या संमिश्रांवर संशोधन प्रसिद्ध झाले आहे. अशा संमिश्रात विद्युत आणि चुंबकीय गुण एकमेकांवर परिणाम करतात. प्रयोगशाळेतल्या नमुन्यापासून चिपपर्यंतचे अंतर मोठे आहे. पण ध्रुवीकरण उलटते का, किती उरते आणि किती वेळा टिकते, हे प्रश्न दोन्हीकडे तेच असतात.