संगणकाची खतावणी हरवली तर

रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील एखादा होतकरू तरुण संगणकापुढें बसतो. त्याला एक नवी आज्ञावली बसवावयाची असते. पण यंत्र ऐकत नाहीं. 'कुलूप दुसऱ्याच्या ताब्यांत आहे' अशा अर्थाचा निरोप तें पुन्हां पुन्हां देतें. कोणी तरी पूर्वीं त्याला सांगितलेलें असतें कीं, अशा वेळीं कुलपाची फाइल पुसून टाकावी म्हणजे काम होतें. तरुण तसें करावयास जातो. परंतु फाइलीचें नांव लिहावयाचें तेथें ती ज्या कप्प्यांत आहे त्या कप्प्याचेंच नांव लिहितो, आणि कळ दाबतो. यंत्र हूं कीं चूं करीत नाहीं. कुलूप तर गेलेंच, पण कुलपाबरोबर कपाटहि गेलें!

वस्तुतः तें कुलूप कोणाच्या वाईटावर नव्हतें. एकाच वहींत दोघांनीं एका वेळीं लिहूं नये एवढ्यासाठींच तें असतें. बहुधा यंत्र स्वतःच मागल्या बाजूस कांहीं दुरुस्त्या बसवीत असतें, आणि दहा मिनिटें धीर धरला तर तें आपण होऊन उघडतें. पण धीर ही वस्तु संगणकापुढें बसलेल्या माणसापाशीं क्वचितच आढळते.

नवल असें कीं, एवढा अनर्थ होऊनहि बिघडलें असें कांहींच दिसत नाहीं. पत्रें लिहितां येतात, गाणीं ऐकूं येतात, बँकेचे व्यवहार होतात. यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें तरी तें नेहमीप्रमाणें सुरू होतें. दुसरी एखादी आज्ञावली बसवावयास किंवा काढावयास जावें, तेव्हां मात्र 'नोंदीची फाइल सांपडत नाहीं' असें उत्तर येतें, आणि मग काळजांत धस्स होतें.

हा प्रसंग 'डेबियन' या प्रणालीवर आणि तिच्यापासून निघालेल्या 'उबुंटु'सारख्या प्रणालींवर चालणाऱ्या संगणकांचा आहे. डेबियनचा आरंभ १९९३ च्या ऑगस्टांत ईअन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें केला. डेब्रा हें आपल्या मैत्रिणीचें नांव आणि स्वतःचें नांव जोडून त्यानें हें नामकरण केलें. उबुंटु २००४ सालीं निघाली. या प्रणालींत प्रत्येक आज्ञावली तिच्या सर्व सामानासह एका संचांत बांधून येते, त्याला पॅकेज म्हणतात. २०२३ च्या जूनमध्यें प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीच्या भांडारांत अशीं ६४ हजारांहून अधिक पॅकेजें होतीं. घरगुती संगणकावर दीड-दोन हजार सहज असतात. या सर्व मालाचा हिशेब ठेवणारे दोन नोकर आहेत. 'डीपीकेजी' हा घरचा कोठावळा. आलेला माल उघडून जागच्या जागीं लावणें आणि वहींत टिपणें हें त्याचें काम. 'ॲप्ट' हा बाजारहाट करणारा कारभारी; काय आणावयाचें व त्यासोबत आणखी काय लागेल हें तो ठरवितो, आणि भांडारांतून आणून कोठावळ्याच्या हवालीं करतो.

कोठावळ्याची वही म्हणजे 'स्टेटस' या नांवाची एक साधी मजकुराची फाइल. 'व्हार' या दालनांत 'लिब' नांवाचा कप्पा आहे. त्याच्या पोटांत 'डीपीकेजी' हा कप्पा, आणि त्यांत ही वही. प्रत्येक पॅकेजासाठीं तींत एक परिच्छेद असतो: नांव, तें नीट बसलें आहे किंवा अर्धवट राहिलें आहे ती स्थिति, आवृत्तीचा क्रमांक, आणि तें दुसऱ्या कोणत्या पॅकेजांच्या आधारावर उभें आहे त्यांची यादी. त्याखेरीज, ज्या फाइलींत मालकानें आपल्या सोयीप्रमाणें फेरफार करावे अशी अपेक्षा आहे, त्यांतील प्रत्येकीपुढें मूळ मजकुरावरून गणितानें काढलेला ३२ अक्षरांचा ठसा लिहिलेला असतो. मालकानें त्या मजकुरांत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा जुळत नाहीं. त्यावरून कोठावळा ओळखतो कीं, येथें धन्याचा हात लागला आहे. नवी आवृत्ति आली म्हणून हें खुशाल पुसून टाकतां यावयाचें नाहीं, आधीं विचारलें पाहिजे.

वही गेली म्हणजे नेमकें हेंच ज्ञान जातें. माल सर्व जागेवर आहे, म्हणून कामें चालू राहतात. कारण कामाच्या वेळीं यंत्र माल पाहतें, वही पाहत नाहीं. पण कोणता जिन्नस कोणाचा, किती जुना, कशाच्या आधाराचा, हें सांगणारें कोणी राहत नाहीं. याचा खरा तोटा हळूहळू कळतो. आज्ञावलींतील ज्या फटींतून चोर शिरूं शकतो त्या बुजविण्याच्या दुरुस्त्या नित्य येत असतात. आपल्याकडे कोणती आवृत्ति आहे हेंच ठाऊक नसल्यावर कारभारी दुरुस्ती कशाची आणणार? वरून धडधाकट दिसणारें, बँकेची खातीं ज्याच्यावर रोज उघडलीं जातात असें यंत्र त्या दिवसापासून जुनें होत जातें, आणि तें कोणालाहि दिसत नाहीं.

येथें शेजारच्या एका कप्प्याची गोष्ट सांगणें जरूर आहे, कारण निम्मा घोटाळा त्याच्यामुळें होतो. त्याच 'लिब'मध्यें 'ॲप्ट' नांवाचा कप्पा असून त्यांत 'लिस्ट्स' नांवाचें दप्तर असतें. जागा कमी पडली कीं जाणकार लोक तें बेलाशक रिकामें करतात, आणि त्यानें कांहींहि बिघडत नाहीं. कारण तीं भांडाराच्या सूचिपत्रांची नक्कल आहे. बाजारांत काय मिळतें हें पुन्हां बाजारालाच विचारतां येतें. एक आज्ञा दिली कीं नव्या सूचि दोन मिनिटांत उतरतात. पण या घरांत काय आणलें गेलें, केव्हां, आणि त्यांत कोणी काय बदल केला, हें बाजाराला ठाऊक नसतें. त्याला साक्षी एकच, ती म्हणजे घरची वही. दोन्ही कप्पे शेजारीं आहेत, दोहोंचें स्वरूप वरवर सारखें आहे; एक पुसलेला चालतो म्हणून दुसराहि चालेल असें समजणारा फसतो.

आतां उपाय. पहिला उपाय म्हणजे कांहीं न करणें, आणि हा सर्वांत अवघड आहे. घाबरलेला माणूस रिकामी 'स्टेटस' फाइल निर्माण करून यंत्राचें तोंड बंद करूं पाहतो. यंत्र खरोखरच गप्प बसतें. पण रिकामी वही वाचून कोठावळ्याची अशी समजूत होते कीं, कोठारांत दाणासुद्धां नाहीं. मग एक लहानसें पॅकेज मागितलें तरी कारभारी पायापासून शिखरापर्यंत शेंकडों पॅकेजें आणावयास निघतो, आणि जेथें जेथें धन्यानें बदललेली फाइल आडवी येते तेथें तेथें 'ही ठेवूं कीं नवी घालूं' असें विचारतो. या प्रश्नांच्या माऱ्याला कंटाळून 'नवी घाल' म्हणत सुटलें, कीं वर्षानुवर्षें जुळवून आणलेली व्यवस्था पार बुडाली म्हणून समजावें. म्हणून आधीं हात आवरावा, आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या थांबवाव्या, आणि 'व्हार' दालनांत जें उरलें असेल त्याची नक्कल दुसऱ्या एखाद्या तबकडीवर काढून ठेवावी.

ही घाई एवढ्यासाठीं कीं, पुढील आशा त्याच दालनांत आहे. पेढीवरचा जुना मुनीम वही नाहींशी झाल्याचें ऐकून जें करील तेंच येथें करावयाचें. तो आधीं मागली प्रत शोधील. ती मिळाली म्हणजे रोजकीर्द उघडील, आणि प्रतीच्या तारखेपासून आजपर्यंतच्या नोंदी एकेक करून खतावणींत चढवील. डेबियनच्या कर्त्यांनीं या दोन्ही वस्तु ठेवलेल्या आहेत.

केवळ 'स्टेटस' गेली असेल आणि कप्पा शाबूत असेल, तर तिच्या शेजारींच 'स्टेटस-ओल्ड' ही फाइल दिसेल. ती शेवटच्या फेरफाराच्या आधींची वही होय. तिची नक्कल मूळ नांवानें ठेवली कीं बहुतेक काम झालें. पण वर वर्णिलेल्या प्रसंगाप्रमाणें सबंध कप्पाच गेला असेल, तर तीहि त्याबरोबर गेली. अशा वेळीं 'व्हार'मधील 'बॅकप्स' या वेगळ्या कप्प्याकडे वळावें. तेथें वहीच्या सात प्रती असतात, शून्यापासून सहापर्यंत क्रमांक लावलेल्या. शून्याची जशीच्या तशी, बाकीच्या बहुधा दाबून लहान केलेल्या. यंत्र रोज एकदां वही पाहतें, आणि कालच्याहून ती वेगळी असेल तरच नवी प्रत काढून जुन्या एकेक पायरी मागें सारतें. म्हणजे सात प्रती याचा अर्थ सात दिवस नव्हे, सात निरनिराळ्या अवस्था. ज्या घरीं क्वचितच कांहीं बसविलें जातें तेथें शेवटची प्रत बरीच मागली असूं शकते. रिकामी वही करण्याचा दुसरा धोका यांतच आहे. ती वेगळी दिसते म्हणून त्या रात्रीं तिचीच प्रत निघते. नंतरच्या प्रत्येक धडपडीगणिक आणखी एक निघते, आणि चांगल्या प्रती एकेक करून कड्यावरून खालीं पडतात.

प्रत हातीं आल्यावर 'इन्फो', 'अपडेट्स' इत्यादि रिकामे कप्पे पुन्हां निर्माण करावे लागतात, आणि मग वही जागेवर ठेवावयाची. आतां रोजकीर्द. ती 'व्हार'च्याच 'लॉग' कप्प्यांत 'डीपीकेजी डॉट लॉग' या नांवानें असते. कोणत्या तारखेस, किती वाजून किती मिनिटांनीं, कोणतें पॅकेज बसलें, बदललें किंवा निघालें, हें तींत ओळीनें लिहिलेलें असतें. रीतीप्रमाणें ती दरमहा बदलते आणि मागले बारा महिने जपून ठेवले जातात. अर्थात् चार-पांच वर्षांच्या यंत्राचा सगळा इतिहास तींत मिळावयाचा नाहीं. परंतु प्रत व आजचा दिवस यांमधला खड्डा भरावयास ती पुरेशी आहे. त्या अवधींत जें नवें बसलें तें पुन्हां बसवावें. जें काढलें होतें तें पुन्हां काढावें. आणि ज्याची आवृत्ति वाढली होती त्याची काळजी करूं नये, कारण कारभारी तें जुनें समजून आपण होऊनच पुन्हां आणतो.

यानंतरहि एक उणीव राहते, आणि तिच्याकडे पुष्कळांचें दुर्लक्ष होतें. नष्ट झालेल्या कप्प्यांत 'इन्फो' नांवाचें जें दप्तर होतें, त्यांत प्रत्येक पॅकेजाच्या एकूणएक फाइलींची यादी व तें काढतां-घालतांना करावयाच्या विधींचे कागद होते. 'बॅकप्स'मध्यें त्यांची प्रत नसते. त्यामुळें वही सांगते, पॅकेज आहे. पण त्याचा माल कोणता हें ठाऊक नाहीं. अशा स्थितींत एखादें पॅकेज काढावयास सांगितलें, तर वहींतून नांव जातें आणि माल कोठारांतच पडून राहतो. यावर उपाय एकच: वहींतील सर्व पॅकेजें तशींच्या तशीं पुन्हां बसवावयाचीं. यांत वेळ जातो, कांहीं गिगाबाइट उतरून घ्यावे लागतात. पण प्रत्येक पॅकेज येतांना आपली यादी बरोबर घेऊन येतें, आणि वहींतील ठसे परत आलेले असल्यामुळें धन्याच्या हस्ताक्षराला आतां धक्का लागत नाहीं.

आणि प्रत एकहि मिळाली नाहीं तर? तरीहि सर्व संपलें असें नाहीं. डेबियनचा एक जुना दंडक आहे कीं, प्रत्येक पॅकेजानें आपल्या हक्कांविषयींचा कागद 'यूएसआर' दालनांतील 'शेअर'मध्यें, 'डॉक' या कप्प्यांत, स्वतःच्या नांवाच्या घरांत ठेवावा. हा नियम कायद्याच्या सोयीसाठीं केलेला, पण आपत्काळीं तो हजेरीपटाचें काम देतो. त्या घरांचीं नांवें वाचलीं कीं बसलेल्या पॅकेजांची यादी तयार झाली. आणि आंत फेरबदलांची जंत्री असते तिच्या पहिल्या ओळींत आवृत्तीचा क्रमांकहि सांपडतो. अशा रीतीनें मात्र खरोखरच कोऱ्या वहीवर आरंभ करावा लागतो, आणि वर सांगितलेल्या प्रश्नांना एकेक करून, 'ठेव' म्हणत, तोंड द्यावें लागतें. ज्या संगणकावर संस्थेचें काम अखंड चालू आहे, तेथें हे कष्ट घ्यावे. घरगुती यंत्राच्या बाबतींत, कागदपत्रें व छायाचित्रें 'होम' दालनांतून आधीं बाहेर काढून, प्रणाली नव्यानें बसविणें हेंच बहुधा स्वस्त पडतें. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

रेडहॅट घराण्यांतील प्रणालींची वही निराळ्या प्रकारची, 'आरपीएम' या नांवाची असते, आणि तिच्याविषयीं एक गैरसमज प्रचलित आहे. तेथें 'रीबिल्ड डीबी' अशी एक आज्ञा आहे. तिच्या नांवावरून लोकांना वाटतें कीं, ती कोठार पाहून वही पुन्हां लिहिते. तसें नाहीं. मूळ वही शिल्लक असेल तर तिच्यावरून विस्कटलेल्या सूचि ती नव्यानें करते, एवढेंच. मूळ वहीच गेली असतां ती आज्ञा कशावरून लिहिणार?

डेबियनकडे परत येऊन, सर्व आटोपल्यावर एक तपासणी करावी. कोठावळ्याला 'ऑडिट' अशी आज्ञा देतां येते. कांहीं अर्धवट राहिलें असेल तर तो त्याची यादी वाचून दाखवितो; सर्व ठीक असेल तर एक अक्षरहि बोलत नाहीं. नवख्या माणसाला ही शांतता संशयास्पद वाटते, पण येथें तीच चांगली बातमी असते. त्यानंतर कारभाऱ्यालाहि 'चेक' म्हणून विचारावें, म्हणजे पॅकेजांचे परस्परांवरील आधार जुळतात कीं नाहीं तें कळेल. दुसऱ्या दिवशीं 'बॅकप्स' कप्प्यांत डोकावलें असतां शून्य क्रमांकाची नवी प्रत निघालेली दिसते. तिचें वजन पहावें: दोन हजार पॅकेजांच्या वहीचें तें एक-दोन मेगाबाइटच्या घरांत असतें. तेवढें भरलें, तर थांबविलेल्या दुरुस्त्या पुन्हां सुरू करण्यास हरकत नाहीं.