भिंतीवरचं चित्र आणि दारातल्या तीन पायऱ्या



या पानावर आम्ही नेहमी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्यातली पाचट आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. शेतकी खात्याच्या माणसाला चित्राबित्रांशी काय करायचंय, असं कुणी म्हणेल. पण हा विषय फिरून शेवटी ऊसनोंदीच्या वहीपाशीच येतो. तेव्हा थोडा धीर धरून वाचावे, ही विनंती.

घाटाखालच्या आमच्या गट ऑफिसात भिंतीवर काय असतं, हे आपणांस ठाऊकच आहे. गणपतीचा फोटो, खत कंपनीचं कॅलेंडर, ऊस जातींचा तक्ता. कपाटावर सावंतवाडीच्या लाकडी फळांची एक परडी. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या एका कारकुनाने मुंबईहून मागवलेलं एक कॅलेंडर तिथे टांगलं. त्यातली सगळी चित्रं हातांविना काढलेली होती. कुणी कुंचला दातांत धरून काढलेली, कुणी पायाच्या बोटांत धरून. पहिल्याच पानावर समुद्रकिनारा आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या दोन होड्या होत्या.

आठवडाभर येणारा-जाणारा त्या भिंतीपाशी थांबू लागला. खाली लिहिलेलं वाचलं की बहुतेकांच्या तोंडून एकच शब्द निघे, "अरेरे, बिचारा!" खोटं कशाला सांगा, आम्हीही तेच म्हटलं.

मग कुतूहल म्हणून आम्ही थोडी माहिती काढली. तोंडाने चित्र काढायचं म्हणजे कुंचल्याचा दांडा दातांत धरायचा आणि हाताचं सगळं काम मानेने करायचं. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे पूर्ण चित्र कसं दिसतंय हे बघायला वारंवार मागे सरावं लागतं. पायाने काढणारा कुंचला अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरतो. चार चार तास असं बसून काढलेल्या रेषेला "बिचारी रेषा" म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आपल्या सभासदांना विशेष वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. या चित्रकारांची जगभर पसरलेली एक संघटना आहे. एरिख स्टेगमन नावाचे एक जर्मन चित्रकार होते. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही हात गेले होते आणि ते तोंडाने चित्रं काढीत. 1950 नंतरच्या दशकात त्यांनी युरोपातल्या आपल्यासारख्या चित्रकारांना एकत्र आणून ही संघटना उभी केली. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना चालू केला, तोही साधारण याच काळातला, 1950 सालचा. संघटनेची भारतातली शाखा मुंबईत आहे. तिथे शिकाऊ चित्रकार, सहयोगी सभासद आणि पूर्ण सभासद अशा पायऱ्या आहेत. आपल्याकडे 'अ' वर्ग आणि 'ब' वर्ग असतात ना, तसंच काहीसं. चित्रांवरून भेटकार्डं आणि कॅलेंडरं छापून विकायची आणि त्या उत्पन्नातून चित्रकारांना दरमहा मानधन द्यायचं, असा व्यवहार. पूर्ण सभासद झालेला चित्रकार पुढे आजाराने कुंचला धरू शकला नाही, तरी त्याचं मानधन चालू राहतं. दया नको, स्वतःच्या पायावर उभं राहायचं आहे, हे त्यांचं पहिल्यापासूनचं धोरण. सहकार, सहकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

कामाच्या ठिकाणी अशा कलावंताचं चित्र असणं हेही आपल्या देशात नवं नाही. सतीश गुजराल यांना वयाच्या आठव्या वर्षी अपघात झाला आणि त्यांचे कान गेले. पुढे त्यांनी सरकारी आणि इतर इमारतींच्या भिंतींवर मोठमोठी शिल्पचित्रं उभी केली. दिल्ली हायकोर्टाच्या भिंतीवरचं काम त्यांचंच. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी आधीच अधू होती. पुढे शस्त्रक्रियेनंतर ती पुरती गेली. तरी 1972 साली त्यांनी तिथल्या कलाभवनात फरशांचं भित्तिचित्र केलं, डोळ्यांचं काम बोटांकडून करून घेऊन. ही कामं कुणी कीव येऊन करवून घेतली नाहीत. काम चांगलं, म्हणून सांगितलं आणि म्हणूनच ते टिकलं. अलीकडे मुंबई-पुण्याच्या कंपन्याही आपल्या ऑफिसांसाठी अपंग चित्रकारांची चित्रं विकत घेऊ लागल्या आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

मालवण तालुक्यातले आमचे एक जुने सभासद आहेत. घर किनाऱ्याकडे, आणि गड नदीच्या काठाला थोडी जमीन, तिथे ऊस. एक पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, त्यामुळे काखेत कुबडी. आमच्या ऑफिसला दारात तीन पायऱ्या आहेत, धरायला कठडा नाही. म्हणून ते आले की बाहेर व्हरांड्याच्या कडेला बाकड्यावर बसत. आमचा स्लिपबॉय बाहेर जाऊन विचारून येई, चहाही बाहेर जाई. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको, अशी आमची समजूत. आपण सौजन्यच दाखवतोय, असं आम्हाला बरीच वर्षं वाटत होतं.

त्या दिवशी दार सताड उघडं होतं. बाकड्यावरून त्यांना समोरच्या भिंतीवरचं ते चित्र दिसलं. दोन मिनिटं डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, "होडी बरी काढल्यान. पण उलांडी जरा आखूड झाली."

"अरेरे" नाही, "बिचारा" नाही. जन्म दर्यावर गेलेल्या माणसाने होडीला होडी म्हणून पारखलं होतं. आम्ही कौतुकाने सांगितलं, "अहो काका, हे हाताने नाही, तोंडाने काढलंय." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ता बरा आसा, साहेबानू. पण ह्या ज्येनी काढल्यान, तो हंय इलो तर तुमचे पायरे चडतलो कसो?"

आम्ही निरुत्तर झालो. चित्रकाराला भिंतीवर मानाची जागा, आणि माणसाला व्हरांड्यात बाकडं!

त्यानंतर त्यांनी हळूच दुसरं सांगितलं. गेल्या हंगामात त्यांच्या उसाची तोड मार्चअखेरीला आली होती. तोवर उसाला तुरे आले, कांडी आतून पोकळ झाली आणि वजन चांगलंच घटलं. तोड उशिरा का आली, हे त्यांना कळलं नव्हतं. आम्ही नोंदवही काढली, स्वतः बाहेर नेली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. लागण ऑक्टोबरची, वहीत पडली होती जानेवारीची. बाकीचे सभासद टेबलापाशी येतात, आपल्या ओळीवर बोट ठेवतात, तारीख वाचतात, चुकली असेल तर तिथल्या तिथे भांडून दुरुस्त करून घेतात. हे गृहस्थ बाहेरून तोंडी सांगत, आत कुणीतरी लिहून घेई, आणि सही सुट्या कागदावर होई. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःची ओळ एकदाही पाहिली नव्हती.

ही चूक आमच्या खात्याची, आणि खात्याचा प्रमुख म्हणून आमची. वजन गेलं ते गेलं. पण तीन पायऱ्यांची किंमत टनात किती होते, ते त्या दिवशी उमगलं.

आता थोडं हिशेबाचं. पायरी साधारण सहा इंचांची. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. खुर्ची ढकलायची किंवा कुबडीने चढायचं, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. रुंदी चार फूट तरी असावी आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. पाच-सहा फुटांत उरकलेला उतार हा उतार नव्हे, घसरगुंडी होते. आमच्या कोकणातल्या पावसात तर विचारूच नका, शेवाळ धरलं की धडधाकट माणूस आडवा होतो. म्हणून फरशी खरखरीत घालावी. हे काही उपकाराचं काम नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 सालचा कायदा आहे. सार्वजनिक इमारतीत त्यांना विनाअडथळा जाता आलं पाहिजे, असं तो सांगतो.

आणि हे जमणार कसं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी कुडाळ तालुक्यातली 'स्वप्ननगरी' एकदा बघून यावी. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचा कमरेखालचा भाग तरुणपणीच निकामी झाला. त्यांनी चाकाच्या खुर्चीवरून केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन पुष्कळांनी वाचलं असेल. याच संस्थेने आपल्या जिल्ह्यात अपंगांच्या हातांनी चालणारा काजू प्रक्रियेचा उद्योग उभा केला. कामगाराने जागेशी जुळवून घ्यायचं, की जागेने कामगाराशी, हा प्रश्न तिथे आधी सोडवलेला आहे.

आमच्यापुरतं म्हणाल, तर तीन गोष्टी केल्या. नोंदीची वही आता ज्या सभासदाला आत येता येत नाही, त्याच्यापुढे नेऊन, ओळ दाखवून, वहीतच सही घेतली जाते. अठरा फुटी उताराचं अंदाजपत्रक आम्ही संचालक मंडळापुढे ठेवलं आहे. आणि यंदा गट ऑफिससाठी कॅलेंडर छापील किमतीला, पावती घेऊन मागवलं आहे. देणगी म्हणून एक पैसाही जादा पाठवलेला नाही. काम घेतलं, दाम दिला.

सभासदांना विनंती एवढीच. आपली विकास सोसायटी, दूध संस्था, ग्रामपंचायत, शाळा, यांच्या दारात किती पायऱ्या आहेत त्या एकदा मोजा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी अपंगांसाठी खर्च करावा लागतो. त्याचं काय झालं, ते ग्रामसभेत विचारा. दिवाळीला भेटकार्डं, काजूची पाकिटं घ्यायचीच असतात. ती कुणाकडून घ्यायची, याचाही विचार करा. पण चित्र भिंतीवर लावून आपलं काम झालं, असं समजू नका.

मालवणचे काका परवा पुन्हा आले होते. उतार अजून व्हायचाय, त्यामुळे बाकड्यावरच बसले. वही मांडीवर घेतली, चष्मा लावला, आपल्या ओळीवर बोट ठेवून तारीख दोनदा वाचली. मग सही करून म्हणाले, "आता बरोबर."